डेंग्यू झाला, पण कोणता?

पावसाळा ओसरू लागला आणि भात निसवू लागले, की आपल्या भागात दोनच गोष्टींची चर्चा ऐकू येते: शेतातल्या किडीची आणि घरोघरच्या तापाची. किडीबद्दल बोलताना आपला शेतकरी फार नेमका असतो. मावा आहे, तुडतुडे आहेत की गुलाबी बोंडअळी आहे, हे पाहिल्याशिवाय तो औषधाच्या दुकानाची पायरी चढत नाही. तापाबद्दल बोलताना मात्र तोच शेतकरी 'डेंग्यू झाला' एवढ्यावरच थांबतो. कोणता डेंग्यू, हा प्रश्न तो विचारत नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याचे उत्तर नसते आणि वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या रुग्णांच्या आकड्यातही ते नसते. हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर जनतेला वेळेवर मिळाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे या लेखात देत आहोत.

एक नाव, चार रोगजंतू

डेंग्यू हे नाव एकच असले तरी तो ताप आणणारे विषाणू चार प्रकारचे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना डेंग्यू एक, दोन, तीन आणि चार असे क्रमांक देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पहिले दोन प्रकार ओळखले गेले. जपानमध्ये १९४३ साली आणि आपल्या देशात कलकत्त्यास १९४४ साली हा विषाणू प्रथम रुग्णाच्या रक्तातून वेगळा करण्यात आला. तिसरा व चौथा प्रकार १९५६ साली फिलिपाईन्समध्ये मिळाले. हे चौघे एकाच कुळातले असले तरी सख्खे जुळे नव्हेत. त्यांच्या घडणीत जवळजवळ एक तृतीयांश फरक असतो.

ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांना ही गोष्ट समजायला जड जाणार नाही. लाळ-खुरकूत हा गुरांचा रोग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या विषाणूचेही प्रकार आहेत. आपल्या देशात ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार आढळतात, आणि म्हणून गुरांना टोचली जाणारी लस तिन्ही प्रकारांची मिळून केलेली असते. एका प्रकारातून बरी झालेली गाय दुसऱ्या प्रकाराने पुन्हा लाळ गाळू लागते. डेंग्यूचेही तसेच आहे. एक क्रमांकाचा डेंग्यू होऊन गेला, तर त्या क्रमांकापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळते. बाकीच्या तिघांपासून मात्र ते काही महिन्यांपुरतेच टिकते. म्हणजे एका माणसाला आयुष्यात चार वेळा डेंग्यू होऊ शकतो. 'एकदा झाला, आता सुटलो' ही आपल्याकडची समजूत साफ चुकीची आहे.

दुसऱ्या खेपेचा धोका

येथपर्यंत गुरांचा रोग आणि माणसांचा ताप सारखे चालतात. पुढे मात्र फरक पडतो, आणि हा फरकच जीवघेणा आहे. पहिल्या खेपेस एका प्रकारचा डेंग्यू झाला आणि दुसऱ्या खेपेस वेगळ्या प्रकारचा झाला, तर दुसरा आजार अधिक तीव्र होण्याचा संभव वाढतो.

याचे कारण असे. पहिल्या तापात शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. दुसऱ्या प्रकारचा विषाणू आला, की ही जुनी प्रतिपिंडे त्याला ओळखीचा समजून चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट, ज्या पेशी अशा बांधलेल्या जंतूंना गिळून टाकतात, त्याच पेशींत या विषाणूची वाढ होते. पहारेकऱ्याने चोराला पकडून चौकीत न्यावे आणि चौकीच्याच किल्ल्या चोराच्या हाती लागाव्यात, तसा हा प्रकार आहे. विषाणू भराभर वाढतो, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब उतरतो आणि रोग्याचा जीव धोक्यात येतो. बँकॉकमधील मुलांच्या आजाराचा अभ्यास करताना डॉ. स्कॉट हॉलस्टेड यांनी ही गोष्ट मांडली. आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे सहा महिने ते वर्षाच्या आतले तान्हे मूलही पहिल्याच तापात असे गंभीर होऊ शकते. ज्या घरात तान्हे मूल आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

क्यूबा या बेटाचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. तेथे १९७७ साली एक क्रमांकाच्या डेंग्यूची मोठी साथ आली. ताप आला आणि गेला; फारसे कोणी दगावले नाही. चार वर्षांनी, १९८१ साली, दोन क्रमांकाचा डेंग्यू आला. त्या वेळी ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ जण मृत्यू पावले. त्यांत १०१ मुले होती. पुढे १९९७ साली सांतियागो शहरात पुन्हा दोन क्रमांकाचा डेंग्यू आला, तेव्हा गंभीर आजारी पडलेले जवळजवळ सगळे प्रौढ होते. कारण उघड आहे: १९७७ सालच्या साथीत ज्यांना पहिला ताप आला होता ते आता मोठे झाले होते, आणि त्यानंतर जन्मलेल्या लहान मुलांना पूर्वी डेंग्यू झालेलाच नव्हता. २० वर्षांपूर्वीचा ताप शरीराने विसरला नव्हता.

प्रकारातही वाण असतात

गोष्ट चार क्रमांकांवर संपत नाही. एकाच क्रमांकाच्या विषाणूतही निरनिराळे वाण आहेत, जसे गहू एकच असला तरी लोक-१ वेगळा आणि भालिया वेगळा. या विषाणूची सगळी कुंडली सुमारे १०,७०० अक्षरांची असते. एका विषाणूपासून दुसरा तयार होताना ही कुंडली नकलून घेतली जाते, आणि ती नकलणाऱ्या यंत्रणेला आपल्या चुका तपासता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पिढीत बारीक बारीक बदल होत राहतात. बहुतेक बदल निरुपयोगी असतात. पण एखादा असा निघतो, की तो वाण डासात अधिक चांगला वाढतो किंवा माणसाच्या जुन्या प्रतिपिंडांना चुकवतो. मग तो जुन्या वाणाला मागे सारून सगळीकडे पसरतो.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने १९५६ पासून २००५ पर्यंत आपल्या देशात मिळालेले दोन क्रमांकाचे विषाणू तपासले. १९७१ पर्यंत भारतात जो वाण फिरत होता त्याला शास्त्रज्ञ अमेरिकन वाण म्हणतात. त्यानंतर त्याची जागा दुसऱ्याच वाणाने घेतली. त्याला कॉस्मोपॉलिटन, म्हणजे जगभर फिरणारा, असे नाव आहे. दिल्लीत १९९६ साली जी भयंकर साथ आली ती याच नव्या वाणाची होती. त्या वर्षी एकट्या दिल्लीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले.

आता दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडे पाहा. तेथील इकितोस शहरात १९९० साली एक क्रमांकाचा डेंग्यू पसरला होता. १९९५ साली दोन क्रमांकाचा आला. क्यूबाच्या अनुभवावरून तेथेही हाहाकार माजायला हवा होता. हजारो लोकांना दुसऱ्यांदा लागण झाली, पण रक्तस्रावी डेंग्यू आढळला नाही. कारण तेथे आलेला दोन क्रमांकाचा विषाणू त्या जुन्या अमेरिकन वाणाचा होता, आणि एक क्रमांकाची प्रतिपिंडे त्याला बऱ्यापैकी आवरू शकत होती, असे पुढे दिसून आले. क्रमांक तोच, क्रमही तोच. वाण वेगळा निघाला आणि परिणाम बदलला.

अर्थात वाणावरच सारे अवलंबून असते असे नाही. त्या गावातल्या लोकांना पूर्वी कोणता डेंग्यू झालेला आहे, डास किती आहेत, दवाखाना किती जवळ आहे, यांवरही साथीची तीव्रता ठरते. बी, जमीन आणि पाऊस या तिन्हींचा मेळ बसला की पीक येते. साथीचेही तसेच असते.

आपल्याकडचे चित्र

चार क्रमांकाचा डेंग्यू पुणे परिसरातून जवळजवळ ३० वर्षे दिसेनासा झाला होता. तो तेथे पुन्हा सापडल्याचे पुण्याच्या संस्थेने २०११ साली जाहीर केले, आणि सापडला तो दोन गंभीर रुग्णांत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९५६ ते २०१८ या काळातील ४०८ भारतीय विषाणूंच्या कुंडल्या ताडून पाहिल्या. २०१२ पर्यंत देशात एक आणि तीन या क्रमांकांचा जोर होता, त्यानंतर दोन क्रमांकाचा वाढला, आणि दक्षिणेत चार क्रमांकाचा आपली जागा करू लागला, असे त्यांना आढळले. याचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. ज्यांना २०१० च्या आसपास ताप येऊन गेला, त्यांची गाठ आता वेगळ्याच प्रकाराशी पडण्याचा संभव आहे.

'हा शहरी रोग आहे, आम्ही शेतावरची माणसे' असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. महाराष्ट्रात परभणी जिल्ह्याच्या खेड्यांतील डेंग्यूच्या साथीचा अहवाल १९९१ सालीच प्रसिद्ध झाला होता. गुजरातेत १९८८ आणि १९८९ साली आलेल्या डेंग्यूचाही अभ्यास झालेला आहे. २०१७-१८ साली १५ राज्यांत रक्ताची पाहणी झाली. ५ ते ४५ वर्षे वयाच्या लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांना केव्हा ना केव्हा डेंग्यू होऊन गेल्याचे तीत दिसले. शहरांत हे प्रमाण १०० मागे सुमारे ७१ होते, तर खेड्यांत सुमारे ४२. यांतल्या कित्येकांना आपल्याला डेंग्यू झाला होता हे ठाऊकही नसणार, कारण पहिला ताप पुष्कळदा साध्या तापासारखा येऊन जातो. दुसऱ्या खेपेसाठी तयार झालेली माणसे खेड्यातही पुष्कळ आहेत, असाच याचा अर्थ होतो.

त्यातून आपले राहणे कारेलीबागेत आणि शेती पादरा, वाघोडिया, सावली किंवा डभोईकडे, असे कित्येकांचे आहे. डेंग्यूचा डास फार दूर उडत नाही. शेकडो मीटरांच्या पलीकडे तो क्वचितच जातो. विषाणूला शहरातून गावात आणि गावातून शहरात नेतो तो माणूस. भाजीच्या टेम्पोत बसून आपणच त्याला घेऊन जातो. ज्याच्या अंगात ताप आहे त्याने पहिले पाच-सहा दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत राहावे असे डॉक्टर सांगतात, ते दुसऱ्यांसाठी असते. हा डास दिवसा चावतो हे विसरू नये.

आमची मागणी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ताप आल्यावर आपण जी रक्ततपासणी करतो, एनएस-१ किंवा आयजीएम, तिच्यावरून डेंग्यू आहे की नाही एवढेच कळते. कोणत्या क्रमांकाचा आहे हे कळण्यासाठी पीसीआर नावाची वेगळी तपासणी लागते. आपल्या देशात ती करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, आणि त्या काम करीत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. अडचण वेगळी आहे. २०१८ साली देशभर घेतलेल्या नमुन्यांत कोणते प्रकार सापडले, ते २०२१ साली शास्त्रीय पत्रिकेत छापून आले. तोपर्यंत तीन पावसाळे होऊन गेले होते. पाऊस पडून गेल्यावर आलेल्या हवामानाच्या अंदाजाचा शेतकऱ्याला काय उपयोग?

गव्हावरील तांबेऱ्याचे कोणते वंश यंदा फिरत आहेत, हे सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात वर्षानुवर्षे तपासले जाते आणि त्यावरून कोणते वाण पेरावे याचा सल्ला दिला जातो. लाळ-खुरकुतीची लस प्रत्यक्ष फिरणाऱ्या विषाणूला लागू पडते की नाही, हेही पाहिले जाते. गव्हासाठी आणि गुरांसाठी जे केले जाते ते माणसांसाठी का होऊ नये? प्रत्येक जिल्ह्यातील डेंग्यूच्या रुग्णांपैकी काहींचे नमुने जून ते नोव्हेंबर या काळात दर महिन्याला प्रकार ओळखण्यासाठी पाठवावेत, आणि त्याचा निकाल त्याच हंगामात, लोकांच्या भाषेत जाहीर करावा, एवढीच आमची मागणी आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की प्रकार कोणताही असो, उपचार तोच. मग कळून उपयोग काय? खाटेवरच्या एका रोग्यापुरते हे खरे आहे. पण जिल्ह्याचा विचार करताना ते खरे नाही. कित्येक वर्षे एक प्रकार फिरत असताना अचानक दुसरा दिसू लागला, तर ती येणाऱ्या कठीण हंगामाची पहिली खूण असते. ती वेळेवर दिसली तर रुग्णालयांना खाटा आणि सलाईन तयार ठेवता येतील, आणि खेड्यातल्या डॉक्टरला रोगी केव्हा पुढे पाठवावा याचा अंदाज येईल. दुसरा आक्षेप खर्चाचा. सगळे नमुने तपासा असे कोणीच म्हणत नाही. भाताची परीक्षा शितावरून होते. तिसरा आक्षेप असा, की लोक घाबरतील. आमच्या मते लोक अर्धवट माहितीने घाबरतात. पुराची पातळी सांगितली म्हणून कोणी घाबरून नदीत उडी टाकीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा पाणी किती चढले ही बातमीच प्रत्येकाला हवी होती.

लसीच्या दृष्टीनेही ही माहिती आवश्यक आहे. डेंग्यूची लस तयार करणे कठीण आहे, कारण तिने चारही प्रकारांना सारखे आवरले पाहिजे. अपुरी लस पहिल्या तापासारखे काम करू शकते. फिलिपाईन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना एक लस दिली गेली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नव्हता त्यांना पुढे तीव्र आजाराचा धोका वाढतो, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितले, आणि ती मोहीम थांबवावी लागली. आपल्या देशात पॅनेशिया बायोटेकच्या एका डोसाच्या लसीची मोठी चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली; १०,००० हून अधिक लोकांना तिच्यात घेऊन दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे ठरले. कोणतीही लस चारही प्रकारांवर अगदी सारखी चालत नाही, असा आतापर्यंतचा अनुभव आहे. म्हणून आपल्या भागात कोणता प्रकार फिरतो, याची नोंद आधीपासून असलेली बरी.

आपल्या हातातले

सरकारने काय करावे हे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. विषाणूचे प्रकार चार असले तरी त्यांना वाहून नेणारा मुख्य डास एकच आहे, आणि त्याला साचलेले स्वच्छ पाणी लागते. औषधांना कीड दाद देईनाशी होते, पण रिकाम्या घासलेल्या पिंपात कोणत्याच वाणाचा इलाज चालत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंपे, रांजण, गुरांचे हौद आणि फवारणीचे ड्रम रिकामे करावेत. नुसते ओतून चालत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. काथ्याने घासावे. ठिबकच्या टाकीला झाकण किंवा बारीक जाळी बसवावी. कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री दाबायला आपण जुने टायर ठेवतो. त्यांना भोके पाडावीत, नाही तर त्यांच्याऐवजी दगड ठेवावेत.

तापाबाबतीत तीन गोष्टी पाळाव्यात. डेंग्यू झाल्याचा कागद, मग तो कितीही जुना असो, जमिनीच्या उताऱ्याइतका जपून ठेवावा आणि पुढच्या तापात डॉक्टरांना दाखवावा. ताप उतरला म्हणजे संकट टळले असे समजू नये. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच खरा धोका असतो. पोटात जोराने दुखणे, सतत उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, ग्लानी, लघवी कमी होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आणि तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून, आणि भरपूर पातळ पदार्थ, हे सुरुवातीला पुरते.

जाता जाता एक सूचना. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत जातो आणि कबरींवर फुलांच्या बरण्या ठेवतो. नेमके तेच दिवस डेंग्यूच्या जोराचे असतात, आणि बरणीतले ते पाणी पुढे कित्येक आठवडे तसेच राहते. यंदा बरणीत पाण्याऐवजी ओली वाळू भरावी. फुले वाळूतही टिकतात, आणि डासाला अंडी घालायला जागा राहत नाही.